दोन विद्यापीठे, एक सनद

लेकीने बारावीनंतर वकिलीचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम घ्यायचे ठरवले आणि आमच्या नागपूरच्या बर्डीतल्या घरात दोन नावे रोज निघू लागली. एक वारंग्याचे महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठ. दुसरे राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचे डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधी महाविद्यालय, म्हणजे नागपूरकरांचे लॉ कॉलेज. दोन्ही आपल्याच राज्यातली आणि याच शहराच्या अंगणातली. आमचे घर दुकानदारांचे. वकिलीचा गंध कुणालाच नव्हता. म्हणून विचारत, ऐकत, पाहत जे उमगत गेले ते इथे मांडते आहे. यंदा ज्यांच्या घरी हाच प्रश्न आहे, त्यांना यातले काही आपल्या कामाचे वाटेल.

१. कॉलेज निवडण्याआधी रस्ता निवडावा लागतो. आमच्या घरापासून मॉरिस कॉलेज चालत जाण्याच्या अंतरावर. आज त्याचे नाव वसंतराव नाईक शासकीय कला व समाजविज्ञान संस्था, पण बर्डीत अजून सगळे मॉरिसच म्हणतात. १८८५ पासूनचे हे कॉलेज. पुढे देशाचे सरन्यायाधीश झालेले हिदायतुल्ला इथेच शिकले. ओळखीतल्या एका ज्येष्ठ वकिलांचा सल्ला होता, आधी बी. ए. करू द्या, मग तीन वर्षांचे एलएल. बी.; तोवर मूल पिकते. शरद बोबडे हेही आधी बी. ए. आणि मग नागपूर विद्यापीठातून कायदा, याच वाटेने सरन्यायाधीशपदापर्यंत गेले. तो रस्ता सहा वर्षांचा, हा पाच वर्षांचा. पण एका वर्षाच्या बचतीवर हा निर्णय होत नाही. मुलाचे मन वकिलीवर पक्के असेल तर पाच वर्षांचा मार्ग सरळ आहे. मन अजून चाचपडत असेल तर आधीची पदवी त्याला वेळ देते, आणि तो वेळ वाया जात नाही. आमच्या लेकीचे मन पक्के होते. हे आम्ही ठरवले नाही, तिच्याकडे पाहून ओळखले.

२. दोन परीक्षांची दोन पंचांगे कधी जुळत नाहीत. राष्ट्रीय विधी विद्यापीठासाठी क्लॅट. ती डिसेंबरात, बारावीचा अभ्यास ऐन भरात असताना. लॉ कॉलेजसाठी राज्याची सीईटी. ती बारावीची परीक्षा आटोपल्यावर. क्लॅटमध्ये चुकीच्या उत्तराला गुण कापतात, सीईटीत कापत नाहीत, त्यामुळे तयारीची चालच वेगळी. क्लॅटच्या समुपदेशनात मिळालेली जागा पक्की करायची (फ्रीज), वरच्या पसंतीची वाट पाहायची (फ्लोट) की बाहेर पडायचे (एक्झिट), हे ठरवून पैसे भरायची वेळ येते, तेव्हा सीईटीच्या प्रवेशफेऱ्यांचा, म्हणजे कॅप राउंडचा, पत्ताही नसतो. लेकीच्या वर्षी, २०२५ मध्ये, क्लॅटच्या काही प्रश्नांच्या उत्तरांचा वाद दिल्ली उच्च न्यायालयातून थेट सर्वोच्च न्यायालयात गेला आणि मे महिन्यात तिथून निकाल आल्यावरच प्रवेशांचे गाडे हलले. कायदा शिकायला निघालेल्या मुलांनी पहिला खटला स्वतःच्याच परीक्षेचा पाहिला. उत्तरपत्रिकेतल्या दोन-चार गुणांसाठी अठरा वर्षांची मुले न्यायालयात दाद मागू शकतात आणि न्यायालय ती ऐकते, हे पाहून मला या व्यवसायाबद्दल वाटणारा आदर वाढला.

३. कागद वेळेवर हातात असणे ही अर्धी तयारी आहे. राज्याच्या कोट्यातली जागा हवी तर डोमिसाईल लागते. ज्यांना लागू आहे त्यांना जातीचे प्रमाणपत्र, जात पडताळणी, नॉन-क्रिमीलेअर. हे दाखले निकालानंतर काढायला गेले की सेतू केंद्रावर तीच गर्दी असते आणि पोर्टलची मुदत कुणासाठी थांबत नाही. अकरावीच्या उन्हाळ्यातच हे काम उरकलेले घर पुढे निवांत मनाने विचार करू शकते. निवडीचे स्वातंत्र्य मिळते ते अशा साध्या तयारीतून.

४. फी पाच वर्षांची मोजू नये, आठ वर्षांची मोजावी. वारंग्याचा खर्च वसतिगृह आणि मेस धरून वर्षाला लाखांत जातो; लॉ कॉलेजचा हजारांत राहतो. एवढे सगळ्यांना दिसते. पण पदवीनंतरची पहिली वर्षे कुणी हिशेबात धरत नाही. नव्या वकिलाला सीनियरकडून फार थोडे मिळते. बार कौन्सिल ऑफ इंडियाने २०२४ मध्ये शहरात महिना किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये विद्यावेतन द्यावे अशी शिफारस केली, पण ती शिफारसच आहे. न्यायाधीश व्हायचे म्हटले तरी मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर पदाच्या परीक्षेआधी तीन वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक केली आहे. म्हणजे शैक्षणिक कर्जाचा हप्ता सुरू होतो तेव्हा मूल कमाईच्या पहिल्या पायरीवर असते. कर्ज काढू नका असे मी म्हणत नाही. त्या तीन वर्षांत घर मुलाला सांभाळू शकेल का, हे आधी बसून बोला.

५. संस्थेचे वय हीसुद्धा एक शिदोरी आहे. नागपूर विद्यापीठ १९२३ चे, लॉ कॉलेज १९२५ चे. नागपूरला उच्च न्यायालय आले ते १९३६ मध्ये, म्हणजे इथे कायदा शिकवणे उच्च न्यायालयाच्या आधीपासून सुरू आहे. हिदायतुल्ला यांनी या कॉलेजात शिकवलेही. १९५६ नंतर त्याच्या जागी नागपूरला मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ आले. २०२५ मध्ये सरन्यायाधीश झालेले भूषण गवई यांची वकिली मुख्यतः याच खंडपीठात बहरली. आज सिव्हिल लाइन्सच्या कोर्टांत उभे राहणारे किती तरी वकील लॉ कॉलेजचे विद्यार्थी आहेत. नव्या मुलाला इंटर्नशिप मागायची असते तेव्हा ही ओळख बोलते. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवड्यांची इंटर्नशिप लागते. कॉलेज आणि कोर्ट एकाच शहरात असली की ती सुट्टीपुरती उरत नाही, सवयच होते.

६. नव्या विद्यापीठाची ताकद वेगळी आहे आणि ती मोकळ्या मनाने मान्य करावी. महाराष्ट्राने २०१४ मध्ये कायदा करून मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, इथे राष्ट्रीय विधी विद्यापीठांची सोय केली. वर्धा रोडने बुटीबोरीकडे जाताना वारंग्याला त्यातले नागपूरचे आवार आहे. देशभरातली मुले तिथे एकत्र राहतात, इंग्रजीत वाद घालतात, मूट कोर्टसाठी रात्री जागतात. न्यायदानाचा खास अभ्यास असलेली बी. ए. एलएल. बी. ऑनर्सची पदवीही तिथे आहे. मोठ्या लॉ फर्म, कंपन्यांचे विधी विभाग, परदेशातले पुढचे शिक्षण असे ज्यांच्या डोळ्यांसमोर आहे, त्यांना हे वातावरण फार लवकर पुढे नेते. लेकीची मैत्रीण तिथे गेली आहे. शाळेत चारचौघांत बोलायला बिचकणारी ती मुलगी आता आमच्या घरी आली की मुद्देसूद वाद घालते, आणि मला तिचे मनापासून कौतुक वाटते.

७. वकिली कोणत्या भाषेत करायची, हा प्रश्न कोणत्याही माहितीपुस्तिकेत नसतो. महाराष्ट्रात तालुका आणि जिल्हा न्यायालयांची भाषा मराठी आहे. उच्च न्यायालयाचे कामकाज राज्यघटनेच्या ३४८ व्या अनुच्छेदानुसार इंग्रजीत चालते. आमच्या नणंदेचा शेताच्या वाटणीचा दावा उमरेडच्या कोर्टात सुरू होता. एका पेशीला लेक तिच्यासोबत गेली. दावा मराठीत, कैफियत मराठीत, सातबारा आणि फेरफार मराठीत, साक्षही मराठीतच. आणि तरीही आत काय झाले ते आत्याला कळले नाही. बाहेर आल्यावर ती म्हणाली, ‘‘माझ्याच शेताची गोष्ट, अन् मलाच समजून नाही राहिली.’’ परतीच्या बसमध्ये लेक गप्प होती. मराठीत कायदा समजावून सांगणारा वकील ही किती मोठी गरज आहे, ते मला त्या एका वाक्याने कळले. पण उलट बाजूही खरी आहे. उच्च न्यायालयात उभे राहायचे तर इंग्रजी धारदार लागते, आणि लॉ कॉलेजात जाणाऱ्या मुलाला ती धार स्वतः वाचून, लिहून आणावी लागते. जे कॉलेज देणार नाही ते मूल स्वतः मिळवेल का, हा निवडीतला सगळ्यात प्रामाणिक प्रश्न आहे.

८. शेवटी सनद एकच असते. दोन्हीकडची पदवी बार कौन्सिल मानते. महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलमधली नोंदणी आणि ऑल इंडिया बार परीक्षा, या दोन्ही गोष्टी दोघांनाही चुकत नाहीत. नोंदणीसाठी कायद्यात ठरलेल्या शुल्काहून, म्हणजे सर्वसाधारण उमेदवाराकडून ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवाराकडून १२५ रुपयांहून जास्त घेता येणार नाही, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये दिला. गरीब घरातल्या मुलांसाठी तो केवढा मोठा दिलासा आहे! संस्थेचे नाव पहिले दार उघडते, हे मान्य. पण कोर्टात न्यायाधीश विचारतात ते तुमचा मुद्दा काय आणि आधार कोणता, एवढेच.

९. मुले आपल्यापेक्षा वेगळा प्रश्न सोडवत असतात. मी नाव, फी आणि सुरक्षितता यांचा विचार करत होते. लेक म्हणाली, ‘‘आई, मला शिकून कुणाच्या बाजूला उभं राहायचं आहे, ते मी पाहून राहिली.’’ तिने लॉ कॉलेज निवडले, कारण तिला याच जिल्ह्यातल्या कोर्टांत, आत्यासारख्या माणसांसाठी काम करायचे आहे. तिच्या मैत्रिणीने वारंगा निवडले, कारण तिला कंपनी कायद्यात जायचे आहे. दोघींचेही उत्तर बरोबर आहे, कारण दोघींनी आधी आपला प्रश्न नीट मांडला होता.

तुमच्या घरी यंदा हा विषय असेल तर एवढेच करा. क्रमवारीच्या याद्या बाजूला ठेवा आणि मुलाला घेऊन एक दिवस जिल्हा न्यायालयात व एक दिवस उच्च न्यायालयात जाऊन बसा. सुनावणी खुल्या न्यायालयात चालते आणि ती ऐकायचा हक्क तुम्हाला आहे. दोन्ही विद्यापीठांच्या आवारात शिकणाऱ्या मुलांशी बोला. मग कुठे जायचे ते मुलाला विचारा, आणि त्याचे उत्तर पूर्ण होईपर्यंत मध्ये बोलू नका.