चालणारी चांदणी



रात्री खळ्यात उभे राहिले की एखादी चांदणी चालताना दिसते. कुणी म्हणते विमान, कुणी म्हणते तारा तुटला. पुष्कळदा तो माणसाने सोडलेला उपग्रह असतो. तो कसा ओळखावा ते मी सांगतो.

विमानाचे दिवे लुकलुकतात आणि मागून आवाज येतो. उल्का डोळ्याचे पाते लवते न लवते तोच विझते. उपग्रह मात्र आवाज न करता, एकाच चालीने, चार-पाच मिनिटे जात राहतो.

त्याला स्वतःचा दिवा नसतो. मग तो दिसतो कसा? संध्याकाळी आपल्या वाडीत काळोख पडू लागतो, तरी करूळ घाटाच्या माथ्यावर ऊन असतेच ना? घाटमाथा उंच, म्हणून तिथे ऊन जास्त वेळ टिकते. उपग्रह तर शेकडो किलोमीटर उंच! म्हणून दिवस मावळल्यावर तास-दीड तास आणि पहाटे उजाडण्यापूर्वी तो उन्हात चमकतो. पृथ्वीच्या सावलीत शिरला की मध्येच दिसेनासा होतो. तो पडत नाही.

सर्वांत ठळक दिसते ते आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक. त्याची उंची सुमारे ४०० किलोमीटर. पृथ्वीभोवतीची फेरी ते सुमारे ९० मिनिटांत पुरी करते. २०२५ च्या जून-जुलैत आपले शुभांशु शुक्ला तेथे राहून आले.

दुर्बीण लागत नाही. मी वहीत एवढेच लिहितो: तारीख, घड्याळातली वेळ, कुठून कुठे गेला, कोणत्या ताऱ्याजवळून गेला, कुठे नाहीसा झाला. आपल्या पूर्वेला सह्याद्री आडवा येतो, म्हणून मोकळ्या सड्यावर मोठ्या माणसाबरोबर जावे.

अशा नोंदी फुकट जात नाहीत. १९५७ साली सोव्हिएत संघाने पहिला उपग्रह स्पुटनिक सोडला, तेव्हा अनेक देशांतील हौशी लोकांनी आकाशावर नजर ठेवून वेळा कळवल्या. २ एप्रिल २०२२ ला, गुढीपाडव्याच्या रात्री, विदर्भात आकाशातून जळते तुकडे जाताना दिसले. चंद्रपूर जिल्ह्यात लाडबोरी गावी धातूचे मोठे कडे पडले. लोक घाबरले. वेळ आणि मार्ग जुळवून अभ्यासकांनी सांगितले, तो चिनी अग्निबाणाचा भाग असावा.

तर मित्रांनो, आकाशात काही नवल दिसले तर भिऊ नका. आधी घड्याळ बघा, दिशा बघा आणि लिहून ठेवा. पालकांनीही मुलांबरोबर दहा मिनिटे खळ्यात उभे राहावे, ही विनंती.

– एक विद्यार्थी, इयत्ता सातवी