परक्याची ठेव

चि. मृणाल हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

विद्यापीठाच्या संशोधन-नियतकालिकाचे संपादकत्व तुझ्याकडे आल्याचे कळले आणि फार समाधान वाटले. तथापि अभिनंदनाच्या दोन ओळींवर हे पत्र आवरते घेणे मला जमत नाही. तुझ्या दप्तरात दाखल होणारा प्रत्येक लेख छापून होईपर्यंत लेखकाची ठेव असतो, आणि त्यातील मजकूरच काय, पण अमुक विद्वानाने लेख पाठविला आहे एवढी गोष्टदेखील विभागातल्या चहापानात तुझ्या तोंडून निघता कामा नये.

परीक्षकाचे नाव गुप्त राखणे हे त्याहून अवघड. 1936 साली आइन्स्टाइन आणि त्यांचे सहकारी रोझेन यांनी, गुरुत्वीय लहरी अस्तित्वातच नाहीत असा निष्कर्ष काढणारा लेख ‘फिजिकल रिव्ह्यू’कडे पाठविला. संपादक जॉन टेट यांनी तो परीक्षकाकडे धाडला आणि आलेले आक्षेप उत्तरासाठी लेखकांपुढे ठेवले. छापण्यापूर्वी आपला लेख तिऱ्हाइताला दाखविलाच कसा, म्हणून संतापलेल्या आइन्स्टाइननी तो परत घेतला. पण टेट यांनी परीक्षकाचे नाव उघड केले नाही. परीक्षक होते प्रिन्स्टनचेच हॉवर्ड रॉबर्टसन. त्यांनी पुढे आइन्स्टाइनचे नवे साहाय्यक इन्फेल्ड यांना बोलता बोलता त्या युक्तिवादातील दोष दाखवून दिला, पण ते परीक्षण आपले होते याची वाच्यता केली नाही. 1937 साली लेख निष्कर्ष बदलून दुसरीकडे प्रसिद्ध झाला. रॉबर्टसन यांचे नाव नियतकालिकाच्या जुन्या नोंदवहीवरून जगाला कळले ते 2005 साली, म्हणजे संबंधित सारी मंडळी काळाच्या पडद्याआड गेल्यावर. विद्येच्या व्यवहारातील सचोटीचा याहून उजळ दाखला मला ठाऊक नाही.

याच्या उलट, 1978 मध्ये अमेरिकेतील एका तरुण संशोधिकेचा इन्शुलिनविषयक लेख परीक्षणासाठी गेला असता, परीक्षकाने तो आपल्या हाताखालच्या माणसाला दिला. त्याने त्यातला मजकूर उचलून स्वतःचा लेख सजविला, आणि मूळ लेख नाकारण्याची शिफारस मात्र संपादकाकडे गेली. तो दुसरा लेख फिरत फिरत परीक्षणासाठी तिच्याच हाती आला, म्हणून चोरी उघडकीस आली! अशा योगायोगावर कोणत्याही संपादकाने विसंबू नये.

आप्ताचा, गुरूचा किंवा प्रतिस्पर्ध्याचा लेख आला, तर निर्णय सहसंपादकाकडे सोपवून तू बाजूला हो. मात्र गोपनीयतेची सबब पुढे करून लबाडीवर पांघरूण घालण्याची मुभा तुला नाही: उसना मजकूर अथवा बनावट आकडे आढळले, तर प्रथम लेखकाकडे लेखी खुलासा माग, आणि तो समाधानकारक नसेल तर त्याच्या संस्थेला कळव, पण चौकशी पुरी होण्याआधी चारचौघांत त्याची अब्रू काढू नकोस.

पहिल्या अंकाचे काम हाती घेशील तेव्हा परीक्षकांना जाणाऱ्या पत्रात, लेख साहाय्यकाला दाखवावयाचा असल्यास आधी संपादकाची लेखी परवानगी घ्यावी, ही अट आठवणीने घाल.

तुझा,
काका