पाण्याचा पहारेकरी

स्वयंपाकघराचा जुना ओटा पाडून नवा बांधावयाचे ठरले. ओट्यातील सिंक सोडविण्यासाठी नळाचे काम करणारे मिस्त्री सकाळीच आले. घरातील धाकटी मुलगी कुतूहलाने त्यांच्याजवळ येऊन बसली.

मिस्त्रींनी प्रथम स्वयंपाकघराकडे येणाऱ्या पाण्याची चावी बंद केली व सिंकवरील नळ उघडा ठेवला. धार बारीक होत होत थांबली. ''धार थांबल्यावाचून जोड सोडवू नये. गच्चीवरची टाकी भरलेली असली, तर घरभर पाणी होते,'' ते म्हणाले.

मग त्यांनी सिंकखाली बादली ठेवली. सांडपाण्याची नळी तेथे सरळ न जाता इंग्रजी 'यू' अक्षरासारखी वळलेली होती. तिचे आटे सैल करताच काळसर पाणी बादलीत पडले.

मुलीने नाक मुरडले. ''काका, हे घाण पाणी येथे का साचते? नळी सरळच का नाही बसवीत?''

''बाळ, हे पाणी घराचा पहारेकरी आहे. गटारात घाण कुजते व तिच्यातून वायू निघतात. काही विषारी, तर काही पेट घेणारे असतात. वळणातील पाणी त्यांची वाट अडविते. सांडपाण्याला मात्र ते वाट देते.''

वळलेल्या नळीत पाणी अडवून धरणाऱ्या शौचकूपाचे पेटंट लंडनमधील घड्याळजी अलेक्झांडर कमिंग याने १७७५ साली घेतले. तीच युक्ती सिंकखालीही उपयोगी पडते.

''पण आज पहारेकरी तर बादलीत आहे!'' मुलगी उद्गारली.

मिस्त्रींनी कौतुकाने तिच्याकडे पाहिले. चिंध्यांचा घट्ट बोळा त्यांनी नळीच्या उघड्या तोंडात बसविला आणि वरून जाड प्लॅस्टिक बांधले. ''नवे सिंक बसेपर्यंत हा बदली पहारेकरी!''

दुसऱ्या दिवशी ओटा फोडताना एका मजुराने अडगळ समजून तो बोळा काढून टाकला. दुपारी घरात दुर्गंधी पसरली. आजीला मळमळू लागले. कोठे उंदीर मेला असेल, म्हणून सारे कोपरे धुंडाळू लागले. मुलीने मात्र धावत जाऊन खिडक्या उघडल्या, वडिलांना नळीचे उघडे तोंड दाखविले आणि नवा बोळा करून दिला. थोड्याच वेळात हवा निवळली.

जे निरुपयोगी दिसते, ते दूर करण्यापूर्वी त्याचे काम काय, हे विचारून घ्यावे.