झेड/ओएसचं नवं रिलीज: पैसे नेमके कुठे जातात?

मेनफ्रेमची ऑपरेटिंग सिस्टिम बदलायची म्हटलं की साहेबांचा पहिला प्रश्न ठरलेला: नवं रिलीज कितीला पडतं? आयबीएमच्या झेड/ओएसबाबत याचं उत्तर ऐकून साहेब बुचकळ्यात पडतात. मासिक परवान्यावरच्या ग्राहकाला नव्या रिलीजची वेगळी किंमत मोजावी लागत नाही. भाडं आपण भरतच असतो, त्यातच ते आलं. पैसे जातात दुसरीकडेच, आणि त्या जागा कोटेशनच्या पहिल्या पानावर नसतात.

आधी कॅलेंडर बघा. नवं रिलीज दर दोन वर्षांनी सप्टेंबरात येतं. २.५ आलं २०२१ साली, ३.१ आलं २०२३ला, ३.२ आलं २०२५ला. प्रत्येकाला पाच वर्षं नियमित सपोर्ट असतो. त्यापुढे तीन वर्षांपर्यंत वाढीव सपोर्ट मिळतो, पण तो विकत. २.५चा नियमित सपोर्ट सप्टेंबर २०२६अखेर संपतो. दोन रिलीज मागे असलेल्याला थेट उडी मारता येते, म्हणजे २.५वरून सरळ ३.२वर. मधलं एक गाळलं की चाचण्यांची अख्खी फेरी वाचते, आणि माझ्या मते बहुतेकांनी हेच करावं. मात्र मशीन कोणतं आहे ते तपासा. ३.१ला किमान झेड१४ लागतं, ३.२ला झेड१५. झेड१४ बाळगून ३.२चा हट्ट धरलात तर अपग्रेडच्या खर्चात मशीनची किंमत येऊन बसेल.

दुसरी जागा म्हणजे इतर कंपन्यांची सॉफ्टवेअर. जॉब शेड्युलर, टेप मॅनेजमेंट, रिपोर्ट छापणारी, डंप वाचणारी. बऱ्याच ठिकाणी ही डझनावारी असतात आणि त्यांची पूर्ण यादी कोणाकडेच नसते. प्रत्येकाचं दोनच गोष्टींसाठी पत्र मागवा: तुमचं कोणतं व्हर्जन नव्या रिलीजवर चालतं, आणि परवान्याची की मशीनच्या सिरियल नंबरला बांधलेली आहे का? आम्ही एकदा ओएस आणि मशीन एकाच रात्री बदलायचा शहाणपणा केला. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या ग्राहकाची मध्यरात्र म्हणजे पुण्यात रविवारचे साडेनऊ. आयपीएल (सिस्टिम नव्याने सुरू करणं) झकास झाला, पोह्यांच्या बशा आल्या, आणि टेपचं प्रॉडक्ट काही उठेना. नव्या मशीनची की मागायचं सगळेच विसरले होते, आणि त्या कंपनीचा फोन रविवारी कोण उचलणार? मशीन एका तिमाहीत बदला, ओएस दुसऱ्या. बंद ठेवण्याची एक रात्र जास्त जाईल, पण काही बिघडलं तर कशामुळे बिघडलं हे तरी कळेल.

मग येतात माणसांचे तास. सर्व्हरपॅक (आयबीएमचा तयार संच) आता झेड/ओएसएमएफ या व्यवस्थापनाच्या साधनातूनच बसवावं लागतं. ते साधन अजून उभं केलं नसेल, तर त्याचा वेळ वेगळा धरा. जुन्या सिस्टिमवर सहअस्तित्वाचे पीटीएफ (आयबीएमच्या दुरुस्त्या) आधी चढवावे लागतात, नाहीतर परत फिरायची वाट बंद होते. परतीचं साधन म्हणजे जुनी सिसरेस, ऑपरेटिंग सिस्टिम असलेली डिस्क व्हॉल्यूम. ती शाबूत असेल, तर तिच्यावरून आयपीएल करून मागे येता येतं. नव्या सोयी वापरल्या की ही वाट बंद होऊ शकते, म्हणून नव्या रिलीजच्या नव्या सोयी पहिले काही आठवडे चालूच करायच्या नाहीत. कंत्राटदाराच्या कोटेशनमध्ये किती एलपार (मशीनचे तार्किक भाग), किती आयपीएल, परत फिरावं लागलं तर तो खर्च कोणाचा, आणि पहिल्या महिनाअखेरीला माणूस हजर राहणार का, हे लिहून घ्या. शेवटच्या प्रश्नाला तोंडी 'हो' चालत नाही.

परफॉर्मन्सचा खर्च समजायला बिलाचं गणित समजावं लागतं. प्रोसेसरचा वापर एमएसयूमध्ये मोजतात, आणि सब-कपॅसिटी बिल महिन्यातल्या सर्वांत मोठ्या चार तासांच्या चालत्या सरासरीवर निघतं. समजा, एरवी वापर २०० एमएसयू आहे. एक तास तो ६००वर गेला, तर चार तासांची सरासरी ३००. तोच भार चार तास टिकला, तर ६००. महिन्यातून एकदाच असं झालं तरी अख्ख्या महिन्याचं बिल त्यावर. अपग्रेडच्या चाचण्यांचा भारही यात मोजला जातो, म्हणून टेस्ट एलपारवरच्या दणक्याच्या चाचण्या तुमच्या शिखराच्या तासांपासून लांब ठेवा. २०१९मध्ये आलेल्या टेलर्ड फिट प्रायसिंगच्या वापरावर आधारित करारात शिखराची भीती नाही, पण तिथे चोवीस तासांतला प्रत्येक एमएसयू मोजला जातो.

ट्यूनिंगचा सल्लागार आणण्याआधी म्हणूनच विचारा: आपला करार कोणता? शिखरावर बिल असेल, तर पहाटे तीनच्या जॉबचं सीपीयू निम्मं करून बिलात काहीच उतरत नाही, जर शिखर सकाळी अकराला असेल. मी असे सुंदर अहवाल पाहिले आहेत. वाचवलेल्या सीपीयूचे आलेख रंगीत, बिल जसंच्या तसं.

फुकटातले उपाय आधी करा. ब्लॉक साइज हा सगळ्यात जुना आणि अजूनही सापडणारा आजार. ८० बाइटची रेकॉर्डं ब्लॉक न करता लिहिली तर ३३९० डिस्कच्या एका ट्रॅकवर ७८ मावतात, २७,९२०चा ब्लॉक दिला तर ६९८. जेसीएलमध्ये ब्लॉक साइज शून्य लिहा, हिशेब सिस्टिम करते. कामांचा अग्रक्रम ठरवणाऱ्या डब्ल्यूएलएममध्ये सगळ्याच कामांना महत्त्व १ दिलेलं असतं. प्रत्येक विभागाचा आग्रह असतो ना! सगळेच पहिले असले की कोणीच पहिलं नसतं. कोबोल नव्या कंपायलरने पुन्हा कंपाइल केलं की मशीनचे नवे इन्स्ट्रक्शन वापरता येतात. पण आर्क लेव्हल (प्रोग्रॅम कोणत्या पिढीच्या मशीनसाठी बनवायचा ते) ठरवताना डीआर, म्हणजे आपत्तीकालीन, साइटचं मशीन पाहा. ते जुनं असेल, तर ऐन आपत्तीत सॉक-वन (अनोळखी इन्स्ट्रक्शनची चूक) येऊन प्रोग्रॅम पडेल. जावाचं आणि बाहेरून येणाऱ्या डीबी२ चौकशांचं बरंचसं काम झिप या खास प्रोसेसरवर जाऊ शकतं, आणि झिपचा वापर सॉफ्टवेअरच्या एमएसयूत धरत नाहीत. झिप मात्र फुकट नाही, तो एकदा विकत घ्यावा लागतो. तो पुरेसा नसेल, तर काम पुन्हा मुख्य प्रोसेसरवर सांडतं.

आणि अपग्रेडच्या आधीचं मोजमाप. एसएमएफची (सिस्टिमच्या वापराच्या नोंदींची) ३०, ७० ते ७२ आणि ११३ क्रमांकाची रेकॉर्डं महिनाअखेर धरून पूर्ण महिन्याची बाजूला काढून ठेवा. 'नव्या रिलीजनंतर सिस्टिम संथ झाली' ही तक्रार येणारच. हाताशी जुने आकडे नसतील, तर ती खरी की खोटी हे कोणालाच सांगता येणार नाही, आणि सल्लागाराचं मीटर मात्र चालू राहील.

एससीआरटीचा, म्हणजे सब-कपॅसिटी बिलासाठी वापर मोजणाऱ्या साधनाचा, अहवाल दर महिन्याच्या २ ते ९ तारखेदरम्यान आयबीएमकडे जातो. तो तयार होतो तुमच्याच डेटा सेंटरमध्ये. या महिन्याची प्रत मागवा आणि शिखर कोणत्या तारखेला, कोणत्या तासाला आलं ते बघून ठेवा. सल्लागाराच्या पहिल्या बैठकीला तो कागद घेऊन जा.