यंत्राची खोड फाइलमध्ये काढू नकोस

चि. सोनू यास,


नोएडाच्या दुकानात रंगीत यंत्र बसलं, कामं येऊ लागली, हे वाचून मनापासून आनंद झाला. पण तू विचारलेला प्रश्न दोन ओळींत उरकण्यासारखा नाही. लग्नपत्रिकेच्या प्रती दिल्यास, आठवड्याने त्याच फाइलवरून आणखी काढल्यास, आणि दोन्ही शेजारी ठेवल्यावर कुंकवाचा लाल एकीकडे विटकरीकडे झुकलेला, दुसरीकडे गुलाबीकडे. अशा वेळी फाइल उघडून मॅजेंटा चार टक्के कमी करतो आणि काम भागवतो, असं तू लिहितोस. हे पत्र त्या चार टक्क्यांबद्दलच आहे. रंग हलला तो यंत्रात. मग दुरुस्तीही यंत्रातच व्हायला हवी. फाइलमध्ये केलेली दुरुस्ती त्या दिवसापुरती खरी असते. पुढच्या आठवड्यात यंत्र आणखी थोडं सरकलं की तीच दुरुस्ती चूक होऊन बसते, आणि तोवर मूळ फाइल कशी होती हेही कुणाला सांगता येत नाही. काटा चुकीचा आहे हे ठाऊक असूनही तो दुरुस्त न करता प्रत्येक गिऱ्हाइकाला अंदाजाने मूठभर जास्त किंवा कमी घालणारा वाणी कितीही प्रामाणिक असला तरी त्याचं वजन कधीच खरं उतरणार नाही. कॅलिब्रेशन म्हणजे तो काटा शून्यावर आणणं. रंग सुंदर करणं हे त्याचं काम नाही. रंग तोच ठेवणं एवढंच त्याचं काम आहे.

यंत्र मुळात का हलतं, हे आधी समजून घे, म्हणजे त्यावर राग येणार नाही. चेस्टर कार्लसनने २२ ऑक्टोबर १९३८ रोजी न्यूयॉर्कच्या अस्टोरिया भागात पहिली कोरडी नक्कल काढली, तेव्हा गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा रुमालाने घासून त्यावर स्थिर वीज चढवली होती. तुझ्या यंत्रात सगळं बदललं असलं तरी पाया तोच आहे. डेव्हलपरमध्ये टोनरचे कण कॅरियरच्या बारीक मण्यांवर घासले जातात, त्यांच्यावर विजेचा भार चढतो, आणि त्या भाराच्या जोरावर ते ड्रमवर आणि तिथून पुढे कागदावर जातात. हवा कोरडी असली की भार जास्त चढतो, कण कॅरियरला घट्ट चिकटून राहतात आणि छपाई फिकी पडू लागते. हवा दमट झाली की भार गळतो, कण सैल होतात, रंग जड उतरतो, कधी कधी पांढऱ्या जागेवरही धुरकट कण दिसतात. कागदाचंही तसंच. ओलावा प्यायलेल्या कागदातून वीज सहज वाहून जाते, त्यामुळे टोनर त्यावर नीट उचलला जात नाही. आता हे सगळं दिल्लीच्या हवेत बसवून बघ. मे महिन्यातली लू तोंड कोरडं करते, जुलै-ऑगस्टमध्ये उघडलेल्या रीमच्या कडा लाटा मारतात, आणि डिसेंबर-जानेवारीत बाहेर दाट धुकं तर आत रूम हीटर. वर दुकानाचा एसी रात्री बंद, सकाळी चालू. यंत्र एकच, पण एका वर्षात ते तीन वेगळ्या प्रदेशांतून जाऊन आल्यासारखं वागतं. आणि चारही रंग सारखे हलत नाहीत. लाल हा मॅजेंटा आणि पिवळा मिळून होतो. पिवळा जागेवर राहिला आणि मॅजेंटा सरकला की लाल नुसता फिका किंवा गडद होत नाही, त्याची जातच बदलते. तुझं कुंकू गुलाबी झालं ते असं.

यावर विक्रेत्याचा माणूस म्हणेल, यंत्र आपलं आपण जुळवून घेतं. ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. यंत्र मधूनमधून ट्रान्सफर बेल्टवर छोटे ठिपके उमटवतं आणि सेन्सरने त्यांची दाटी मोजतं. पण ते मोजमाप कागदावर जाण्याआधीचं, फ्युझरच्या उष्णतेतून जाण्याआधीचं आहे. गिऱ्हाईक बेल्ट घरी नेत नाही. कागदावर शेवटी काय उमटलं हे त्या सेन्सरला दिसत नाही. ते कुणीतरी बाहेरून मोजून यंत्राला सांगावं लागतं.

ते डोळ्याने का सांगू नये, हा तुझा दुसरा प्रश्न, आणि तो मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण छापखान्यात मुरलेल्या जाणत्या माणसांच्या नजरेबद्दल मला खरा आदर आहे. दोन रंग शेजारी ठेवून तुलना करायला माणसाच्या डोळ्याइतकं तीक्ष्ण साधन क्वचितच सापडेल. डेव्हिड मॅकअ‍ॅडमने १९४२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हीच तुलनेची ताकद मोजली, आणि एक गोष्ट त्यातून स्पष्ट झाली की ही ताकद सगळ्या रंगांना सारखी नसते: काही रंगांत बारीकसा फरक लगेच कळतो, काहींत बराच मोठा फरकही निसटतो. हे झालं समोरासमोर ठेवलेल्या रंगांचं. आठवणीतल्या रंगाशी तुलना करायची म्हटली की डोळा फारच ढिला पडतो. शिवाय तो जुळवून घेतो. दिवसभर पिवळट प्रकाशात काम केलं की तो पिवळेपणा त्याला दिसेनासा होतो. म्हणून मागच्या महिन्याचा लाल आणि आजचा लाल एकच आहे का, हे डोळ्याला विचारणं म्हणजे त्याला न झेपणारं काम देणं आहे. त्यासाठी आकडा लागतो. रंगातला फरक मोजायला डेल्टा ई हे माप आहे. साधारण १ च्या आसपासचा फरक कसलेल्या नजरेला शेजारी ठेवल्यावर जाणवतो, ५ च्या पुढे गेलं की गिऱ्हाइकालाही दिसतो. ऑफसेट छपाईसाठीच्या आयएसओ १२६४७-२ या मानकात भरीव रंगांना ५ ची सूट दिलेली आहे. म्हणजे जगही अगदी शून्य मागत नाही. मर्यादा आखून तिच्यात राहायला सांगतं.

रंग आकड्यांत बांधायचा म्हणजे परदेशी थाट, असं वाटत असेल तर दिल्लीतलंच उदाहरण घे. बहादूरशाह जफर मार्गावर मानक भवन आहे, भारतीय मानक ब्यूरोचं. त्यांच्या मानकांच्या यादीत पहिला क्रमांक, आयएस १, कशाला दिला आहे? राष्ट्रध्वजाला. संविधान सभेने २२ जुलै १९४७ रोजी ध्वज स्वीकारला, १९५१ मध्ये त्याचं मानक आलं आणि १९६८ मध्ये ते सुधारलं गेलं. त्यात केशरी रंगाचं नुसतं वर्णन करून काम सोडलेलं नाही. रंग मोजण्याच्या सीआयईच्या १९३१ च्या पद्धतीने, ठरावीक प्रकाशात, त्याचे निर्देशांक दिले आहेत: एक्स ०.५३८, वाय ०.३६०, तेजस्विता २१.५. केशरी म्हटलं की नागपूरच्या संत्र्यापासून झेंडूपर्यंत प्रत्येकाच्या डोळ्यांपुढे वेगळा रंग उभा राहतो. आकडा सगळ्यांना एका जागी आणतो. ते मानक कापडाच्या ध्वजासाठी आहे, तुझ्या आर्ट कार्डासाठी नाही, हे खरं. पण दृष्टी तीच घ्यायची आहे: रंग अमुकसारखा असं न म्हणता रंग इतका असं म्हणायचं.

आता प्रत्यक्ष काम. सकाळी यंत्र चालू केल्याबरोबर मोजायला बसू नकोस. त्याला तापू दे, काही पानं जाऊ देत. यंत्राचं स्वतःचं दाटी आणि रजिस्ट्रेशनचं जुळवणं आधी करून घे, मग कंट्रोलरमधून कॅलिब्रेशनचा तक्ता छाप. पहिली शीट बाजूला ठेव, नंतरची घे. तक्त्यावर चार रंगांच्या पट्ट्या असतात, अगदी फिकटपासून भरीवपर्यंत. रंग मोजायचं उपकरण, म्हणजे स्पेक्ट्रोफोटोमीटर, त्याच्यासोबत आलेल्या पांढऱ्या फरशीवर टेकवून जुळवून घे. ती फरशी बोटांनी हाताळू नकोस. तिच्यावर धुळीचा पातळ थर बसला तर त्यानंतरचं प्रत्येक मोजमाप थोडं खोटं होतं, आणि आपल्याकडच्या आंधीत धूळ बंद कपाटातही शिरते. तक्त्याखाली रोज एकच पाठ ठेव, पांढरी तर पांढरी, काळी तर काळी. मोजलेले आकडे कंट्रोलर घेतो आणि प्रत्येक रंगाची वक्ररेषा ठरलेल्या जागी आणतो. एवढ्यावर थांबू नकोस. पुन्हा एक शीट छाप आणि तिच्यावर एक राखाडी चौकोन बघ: सायन ५०, मॅजेंटा ४०, पिवळा ४० टक्के, आणि शेजारी नुसत्या काळ्या टोनरचा तितकाच गडद राखाडी. तिन्ही रंग मापात असतील तर दोन्ही चौकोन जवळजवळ एक दिसतात. एक जरी सरकला तरी राखाडीत गुलाबी, हिरवट किंवा निळसर झाक लगेच उमटते. रंगीत चित्रात लपून जाणारा दोष राखाडीत लपत नाही. तोच चौकोन शीटच्या डाव्या आणि उजव्या कडेलाही छाप. दोन्हीकडे वेगळा दिसला तर ते कॅलिब्रेशनने सुटणारं दुखणं नाही, मेकॅनिकला बोलवावं लागेल.

उपकरण महाग आहे आणि दुकान नवं आहे, हे मला कळतं. त्यासाठी अडून राहू नकोस. बहुतेक रंगीत कॉपियरमध्ये काचेवर ठेवून करायचं ग्रेडेशनचं जुळवणं असतं: यंत्र तक्ता छापतं, तो काचेवर पालथा ठेवायचा आणि यंत्र आपल्याच स्कॅनरने वाचतं. तक्त्यावर काही कोरी पानं ठेवायला पुस्तिकेत सांगितलेलं असेल तर ती जरूर ठेव, नाहीतर झाकणाचा रंग मोजमापात मिसळतो. काच आधी पुसून घे. या पद्धतीतून तुला आकडा मिळत नाही, पण यंत्र ओळखीच्या जागी परत येतं, आणि सुरुवातीला तेवढं पुरे. वर्षभरात काम वाढलं की पहिली कमाई उपकरणात घाल, दुसऱ्या यंत्रात नको.

एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही म्हणून लिहितो. कॅलिब्रेशन वक्ररेषा खाली ओढू शकतं. यंत्राकडून जितकी दाटी निघतच नाही तितकी ते निर्माण करू शकत नाही. नव्या यंत्राच्या पहिल्या दिवशी, अनुकूल हवेत, ताज्या डेव्हलपरवर जी सर्वांत गडद दाटी मिळाली ती ध्येय म्हणून ठरवलीस तर मे महिन्यात यंत्र तिथवर पोहोचणारच नाही आणि तुझे आकडे कधीच जुळणार नाहीत. म्हणून ध्येय थोडं खाली ठेव, यंत्र त्याच्या वाईट दिवशीही गाठू शकेल इतकं. रंग किंचित कमी भडक दिसेल, पण वर्षभर तोच राहील. यावर तू म्हणशील, इथल्या गिऱ्हाइकाला भडकच लागतं. लागू दे. भडकपणा हा आवडीचा भाग आहे आणि त्याची जागा फाइलमध्ये, डिझायनरच्या हातात आहे. त्याला हवा तो लाल त्याने मागावा. तू रोज तोच द्यावास. आवड आणि यंत्राची अवस्था या दोन गोष्टी एकदा एकमेकींत मिसळल्या की पुढे कोणता दोष कुणाचा हे कधीच कळत नाही. आणि काही रंग चार टोनरमध्ये बसतच नाहीत. पॅन्टोनचा ऑरेंज ०२१ कितीही कॅलिब्रेशन केलंस तरी येणार नाही. ते ऑर्डर घेतानाच स्पष्ट सांगत जा.

गिऱ्हाइकाला कुठे एवढं कळतं, हा आक्षेपही तुझ्या मनात असणार. त्याला डेल्टा ई कळत नाही, पण कंपनीच्या दोन माणसांची व्हिजिटिंग कार्डं एकाच टेबलावर आली की त्याला फरक कळतो, आणि मंडळाच्या गणेशोत्सव स्मरणिकेचं मुखपृष्ठ एका गठ्ठ्यात शेंदरी आणि दुसऱ्यात तपकिरी निघालं तर ते सगळ्या मंडळाला कळतं. शेजारी ठेवलेल्या गोष्टींत डोळा कसा पकडतो ते वर लिहिलंच आहे. आणि वेळ वाया जातो म्हणशील, तर रोजची दहा-पंधरा मिनिटं आणि चार-पाच शीट एका पारड्यात ठेव, परत आलेलं एक काम दुसऱ्यात. शिवाय तू फाइलमध्ये मॅजेंटा वरखाली करत घालवतोस तो वेळ कुठल्याच हिशेबात धरत नाहीस.

कागद आणि उजेड यांबद्दल थोडक्यात. प्रोफाइल कागदागणिक वेगळी लागते; कॅलिब्रेशन यंत्राला ठरलेल्या जागी आणतं आणि प्रोफाइल त्या जागेचं वर्णन करते, त्यामुळे यंत्र जागेवर नसेल तर महागडी प्रोफाइलही निरुपयोगी. मॅपलिथो आणि आर्ट कार्डाचे तक्ते एकमेकांत मिसळू नकोस. चावडी बाजारातून आणलेली रीम उघडण्याआधी दिवसभर यंत्राच्या खोलीतच बंद वेष्टनात राहू दे. पुष्कळ कागदांत पांढरेपणासाठी चमक आणणारं द्रव्य असतं. ते सूर्यप्रकाशात निळसर उजळतं आणि एलईडीखाली तेवढं उजळत नाही, म्हणून प्रूफ मंजूर करून घेण्यासाठी दुकानात एक जागा ठरव आणि तिथे ५००० केल्विनचा चांगला दिवा लाव. दारात उभं राहून दाखवलेल्या प्रूफवर सही घेऊ नकोस.

तिरंगी बिल्ल्यांची आणि स्टिकरची कामं दिल्लीत ऑगस्टमध्ये आणि जानेवारीत येतात, म्हणजे एकदा ऐन पावसाच्या दमटपणात आणि एकदा धुक्यात. यंत्राची परीक्षा घेणारे नेमके हेच दोन महिने आहेत. तेव्हा या आठवड्यातच एक संदर्भ शीट छाप, तिचे आकडे, तारीख, कागदाचं नाव आणि खोलीतली आर्द्रता एका वहीत लिही, शीट काळ्या पाकिटात घालून उजेडापासून दूर ठेव, आणि फाइलमधला तो मॅजेंटा आजच मूळ जागी परत आण.

तुझा,
काका