पणजीतला भरलेला पाव

प्रश्न : पणजीत कमी खर्चात, तिथल्याच चवीचा भरलेला पाव कसा शोधावा? (वाचक, जामनेर)

उत्तर : पाव हा शब्द पोर्तुगिजांचा आणि गोव्यातल्या बेकरीची परंपराही त्यांच्याच काळातली. पूर्वी पीठ फुगवायला माडाची सूर घालत. पाव भाजून विकणारा तो पोदेर. सकाळ-संध्याकाळ सायकलचा भोंगा वाजला की तो आला समजावे. त्याच्या टोपलीतला उंडो गोल, कडक पापुद्र्याचा, तर पोई कोंड्याची, आतून पोकळ. भरण्यासाठी पोई जणू आयती पिशवीच.

सकाळी भाजी-पाव बरा. वाटाण्याची किंवा बटाट्याची पातळ भाजी, तीत बुडवायला पाव आणि सोबत मिरची भजी. त्यासाठी पणजीत कॅफे टाटो आणि कॅफे भोसले प्रसिद्ध आहेत. समुद्राकाठच्या हॉटेलांपेक्षा बाजारपेठेतली अशी जुनी ठिकाणे खिशाला परवडतात.

संध्याकाळी मात्र गाड्यांकडे वळावे. रवा लावून तळलेले कटलेट, कांदा-कोबी आणि झणझणीत चटणी पावात दाबून कागदात गुंडाळून मिळते. रोस ऑम्लेटमध्ये ऑम्लेटवर शागुतीचा गरम रस्सा ओततात. शेवभाजीच्या तर्रीवर वाढलेल्या जिभेला तो सौम्य वाटेल, पण भाजलेल्या खोबऱ्याची चव वेगळीच. चोरिस-पावात डुकराच्या मांसाचे आंबट-तिखट सॉसेज असते. कटलेट बहुधा गोमांसाचे किंवा कोंबडीचे, तर रोस सहसा कोंबडीचा. त्यामुळे आधी विचारलेले बरे. भाव फळ्यावर लिहिलेला आणि गिऱ्हाईक गावातलेच दिसले, तर गाडा बिनधास्त निवडावा.