कॅल्शिअम स्टिअरेटचा थर मोजताना

पीव्हीसी पाइपच्या मिश्रणात वंगण म्हणून पडणारी कॅल्शिअम स्टिअरेटची पांढरी भुकटी जळगावात नवी नाही. हा धातूचा साबण. धातूच्या आयनांचा पातळ थर आणि त्याच्या दोन्ही अंगांना 18 कार्बनच्या साखळ्या, अशी त्याची रचना. त्याचा मोठा स्फटिक वाढवणं फार अवघड, म्हणून जळगाव-धुळ्याच्या एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांनी भुकटीवरच काम करावं आणि थराची जाडी, म्हणजे एका आयन-थरापासून पुढच्यापर्यंतचं अंतर, क्ष-किरणांनी मोजावं.

0.40 ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड 200 मिलि डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा. पाणी 75 अंश सेल्सिअसवर ठेवून त्यात 2.84 ग्रॅम स्टिअरिक आम्ल टाका आणि द्रावण स्वच्छ होईपर्यंत ढवळा. बोअरचं पाणी अजिबात नको. बादलीच्या कडेला बसणारा साबणाचा चिवट पांढरा थर हाच पदार्थ आहे. जड पाण्यातलं कॅल्शिअम-मॅग्नेशिअम आपला साका आधीच पाडून मोकळं होतं.

आता 0.735 ग्रॅम कॅल्शिअम क्लोराइड डायहायड्रेट 50 मिलि कोमट पाण्यात विरघळवून थेंबथेंब सोडा. साका गाळा. धुवणाचं पाणी सिल्व्हर नायट्रेटने गढूळ होणं थांबेपर्यंत गरम पाण्याने धुवा, मग उरलेलं आम्ल काढायला कोमट अल्कोहोलने. 60 अंशांच्या वर वाळवू नका. स्फटिकातलं पाणी निघालं की रचनाच बदलते.

हलक्या हाताने खलून भुकटी क्ष-किरण विवर्तन यंत्राच्या होल्डरमध्ये भरा. खरी कसोटी इथेच. पृष्ठभाग होल्डरच्या कडेशी तंतोतंत समपातळीत हवा. 0.1 मिमी उंचवटा राहिला तरी नेहमीच्या यंत्रावर पीक सुमारे 0.05 अंश सरकतं, आणि लहान कोनांवर तेवढ्याने थराची जाडी एक टक्का चुकते.

तांब्याचे क्ष-किरण (1.5406 अँगस्ट्रॉम), अरुंद स्लिट, 2θ 3 ते 30 अंश, सावकाश स्कॅन. थर 50 अँगस्ट्रॉमचा असेल तर पहिलं पीक 1.77 अंशाला येतं, म्हणजे स्कॅनच्या बाहेर. त्यामुळे तिसरं, चौथं, पाचवं धरा: 5.30, 7.07, 8.84. प्रत्येकावरून ब्रॅगच्या सूत्राने जाडी काढा. तिन्ही उत्तरं जुळली नाहीत, तर होल्डर पुन्हा भरा. 21.6 आणि 24 अंशांजवळ टोकदार पीकं दिसली तर आम्ल उरलंय, पुन्हा अल्कोहोल.

दाबून भरलेल्या भुकटीत पापुद्रे आडवे बसतात आणि थरांची पीकं उंचावतात. जाडीसाठी ते सोयीचंच. साखळ्यांमधलं आडवं अंतर हवं असेल तर मात्र मागून, न दाबता भरा आणि 19 ते 24 अंशांचा भाग वेगळा स्कॅन करा.

तुलनेसाठी हीच कृती कॅल्शिअम क्लोराइडऐवजी 1.44 ग्रॅम झिंक सल्फेट हेप्टाहायड्रेट घेऊन करा. धुवण मात्र बेरिअम क्लोराइडने तपासा. झिंकचा थर कॅल्शिअमपेक्षा पातळ निघतो.